हवेला कुलूप लावलं त्याची गोष्ट

२६ जुलै २००८, शनिवार. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास अहमदाबादमध्ये एकामागून एक स्फोट व्हायला लागले. तासाभरात वीसहून जास्त स्फोट झाले आणि ५६ माणसं गेली. पहिला स्फोट होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल आला होता. 'इंडियन मुजाहिदीन' या नावाने आलेल्या त्या ईमेलात स्फोटांची आगाऊ सूचना होती. तपास यंत्रणांनी ईमेलचा आयपी पत्ता शोधला आणि पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका इमारतीत पोचले. तिथे भाड्याने राहणारा माणूस अमेरिकन नागरिक होता. त्याच्या कॉम्प्युटरची तपासणी झाली आणि चौकशी बरेच दिवस चालली. अखेर निष्पन्न झालं ते एवढंच, की त्याच्या घरातलं वायफाय उघडं होतं आणि ते दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं.

२३ ऑगस्टला दुसरा ईमेल आला, माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, त्या वेळचा ईमेल चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीच्या वायफायवरून गेला होता. सानपाडा, किंग्ज सर्कल, चेंबूर: हार्बर लाइनने रोज जाणाऱ्या माणसाला ही नावं इंडिकेटरवर वाचायची सवय असते.

आज आपण कुणाच्याही घरी गेलो की पाणी पिऊन झाल्यावर पहिला प्रश्न विचारतो, "वायफायचा पासवर्ड काय आहे?" हा प्रश्न इतका रुळलाय, की एके काळी तो विचारावा लागत नव्हता हे आठवतही नाही. मुंबईच्या हवेला कुलूप कसं लागलं, ते कुणी लावलं आणि त्याची किल्ली सांभाळायचं काम कुणाच्या गळ्यात पडलं, त्याचा हा इतिहास. इतिहास म्हटलं तरी सगळा मिळून पंचवीस वर्षांचा.

उघड्या दाराचे दिवस

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने मुंबईसह मोजक्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा मोडेम, टेलिफोनची वायर आणि तो प्रसिद्ध किरकिराट एवढाच सरंजाम होता. फोनच्या लाइनला दुसरं कुणी लटकलं तर लगेच कळायचं, कारण आपलाच फोन एंगेज लागायचा.

२००४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राचं ब्रॉडबँड धोरण आलं. त्यात ब्रॉडबँडची व्याख्या होती सेकंदाला किमान २५६ किलोबिट. पुढच्याच वर्षी एमटीएनएलची ट्रायबँड सेवा मुंबईत सुरू झाली. दुसरीकडे केबलवाला होताच. उपनगरांतल्या इमारतींच्या गच्च्यांवरून टीव्हीच्या केबलसोबत इंटरनेटच्याही निळ्या-करड्या वायरी एका सोसायटीतून दुसरीत जाऊ लागल्या.

याच काळात एक फारशी चर्चा न झालेली गोष्ट घडली. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला, म्हणजे ठरलेल्या ताकदीच्या मर्यादेत कुणीही या लहरी वापराव्यात, अर्ज-परवाना काही नको. वायफाय याच पट्ट्यात चालतं. लॅमिंग्टन रोडवरून राऊटर आणायचा, मोडेमला जोडायचा, की घरभर इंटरनेट.

घरभर, आणि शेजाऱ्याच्याही घरात. रेडिओलहरींना फ्लॅटचा नकाशा कळत नाही. त्या काळातले बरेच राऊटर खोक्यातून काढून लावले की कुठल्याही पासवर्डशिवाय चालू व्हायचे. कारण साधं होतं. पासवर्ड आधीपासून असता तर गिऱ्हाइकाला जोडणी जमली नसती आणि त्याने दुकानदाराला किंवा कंपनीला फोन केला असता. असा प्रत्येक फोन म्हणजे खर्च. दार उघडं ठेवणं कंपनीला स्वस्तात पडत होतं.

उघडं ठेवण्याच्या बाजूने बोलणारी जाणती माणसंही होती. ब्रूस श्नायर हे संगणक-सुरक्षेतलं जगभर मानलं जाणारं नाव. जानेवारी २००८ मध्ये त्यांनी एक लेख लिहून सांगितलं, की आपण घरचं वायफाय मुद्दाम उघडं ठेवतो; पाहुण्याला गरम चहा द्यावा तसंच हे. त्यांचा मुद्दा असा, की आपला कॉम्प्युटर सुरक्षित ठेवा, नेटवर्क बंद करून काय साधणार? तांत्रिकदृष्ट्या तो चुकीचा नव्हता. पण सहाच महिन्यांनी सानपाड्यात जे घडलं, त्याने प्रश्नच बदलला. कॉम्प्युटर कितीही सुरक्षित असला, तरी पोलीस कुणाच्या दारात येतील?

इमारतीचा पत्ता, फ्लॅटचा नंबर नाही

पोलीस त्या अमेरिकन माणसाच्या दारात का आले, हे समजून घ्यायला राऊटरचं काम कळायला हवं. तुमच्या घरात चार फोन, दोन लॅपटॉप आणि एक टीव्ही असला, तरी बाहेरच्या जगाला या सगळ्यांचा मिळून एकच आयपी पत्ता दिसतो. आत कुणाला काय पाठवायचं हे राऊटर आपल्या वहीत लिहून ठेवतो, आणि ही वहीसुद्धा तात्पुरती असते, बंद करून चालू केला की कोरी.

समजा, एका सोसायटीतून निनावी पत्र गेलं आणि पाकिटावर फक्त सोसायटीचं नाव आहे, फ्लॅटचा नंबर नाही. पोस्टमन सोसायटीपर्यंतच नेऊ शकतो. पुढे कोण? तर सोसायटीचा सेक्रेटरी. इंटरनेटच्या बाबतीत सेक्रेटरी म्हणजे ज्याच्या नावावर बिल येतं तो. जिन्यात लॅपटॉप घेऊन बसलेला किंवा खाली गाडीत बसलेला माणूस त्या पाकिटावर कुठेच नसतो.

ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने या ईमेल प्रकरणात अटका केल्या. अटक झालेल्यांत पुण्यात एका मोठ्या इंटरनेट कंपनीत काम करणारा संगणक अभियंता होता. उघडी नेटवर्कं शोधून त्यांचा वापर करण्यामागे जाणकार हात असल्याचं पोलिसांचं म्हणणं होतं. अहमदाबाद खटल्याचा निकाल फेब्रुवारी २०२२ मध्ये लागला. विशेष न्यायालयाने ४९ जणांना दोषी ठरवलं आणि त्यातल्या ३८ जणांना फाशीची शिक्षा सुनावली. स्फोटापासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षं गेली.

मी याच धंद्यात आहे, म्हणून ही बाब मला जास्त टोचते. ज्याला राऊटर कळतो तोच दुसऱ्याचा राऊटर वापरू शकतो. ज्याला कळत नाही, त्याच्या नावावर बिल असतं.

लॅपटॉप घेऊन फिरणारे पोलीस

२००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी ठरवलं, की पथकं लॅपटॉप घेऊन शहरात फिरतील, उघडी वायफाय नेटवर्कं शोधतील आणि मालकाला ती बंदिस्त करायला सांगणारी नोटीस देतील. जगभर हॅकर मंडळी गाडीत लॅपटॉप घेऊन हेच करायची. इथे ते काम पोलिसांकडे आलं. पाठोपाठ फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या: वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवल्याशिवाय जोडणी देऊ नका.

या सूचनांचे परिणाम आपण अजून जगतोय. रेल्वे स्टेशनवर फुकट वायफाय वापरायला आधी मोबाइल नंबर टाकावा लागतो, ओटीपी येतो, मगच दार उघडतं. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गुगलचं वायफाय सुरू झालं तेव्हाही हीच पद्धत होती. चहाच्या कपासारखं वायफाय देण्याची कल्पना भारतात तिथेच संपली.

इतर देशांनीही हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला. जर्मनीत मे २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं, की घरच्या वायफायला पासवर्ड लावणं ही मालकाची जबाबदारी आहे. तिथला खटला एका गाण्याच्या बेकायदा डाउनलोडचा होता. पुढे २०१७ मध्ये कायदा बदलून मालकावरची ही जबाबदारी बरीच हलकी केली गेली, कारण या भीतीने कॅफेवाले वायफाय द्यायलाच तयार नव्हते. एका देशात प्रश्न गाण्याचा होता, आपल्याकडे बॉम्बचा. त्यामुळे आपल्याकडे सैल सोडण्याची चर्चाही फारशी झाली नाही.

नोटीस आली, पण कुलूपच फुटकं

आता घरमालकाच्या बाजूने विचार करा. पोलीस म्हणतात पासवर्ड लावा. ठीक. कुठला लावायचा?

वायफायचं पहिलं कुलूप १९९७ साली मूळ तंत्रासोबतच आलं: डब्ल्यूईपी, म्हणजे 'वेप'. नावातच दावा होता, की तारेइतकी सुरक्षितता बिनतारी मिळेल. प्रत्येक पाकीट वेगळ्या पद्धतीने गुप्त करण्यासाठी त्यात २४ बिटांचा एक बदलता आकडा वापरला होता. २४ बिट म्हणजे साधारण १ कोटी ६७ लाख शक्यता. ऐकायला खूप वाटतात, पण गजबजलेल्या नेटवर्कवर काही तासांत संपतात आणि आकडे पुन्हा यायला लागतात. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी वेपच्या मुळाशी असलेल्या पद्धतीतली त्याहून खोल खोट दाखवली. २००७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी वेपची किल्ली एका मिनिटाच्या आत काढून दाखवली.

नवं कुलूप तयार होतं. २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२, आणि मार्च २००६ नंतर वायफायचा शिक्का हवा असेल तर डब्ल्यूपीए-२ असणं बंधनकारक झालं. म्हणजे मुंबईत नोटिशी निघाल्या तेव्हा चांगलं कुलूप बाजारात येऊन चार-पाच वर्षं झाली होती.

पण घरात विंडोज एक्सपी होतं. २००१ सालच्या एक्सपीला डब्ल्यूपीए-२ माहीतच नव्हतं. २००५ मध्ये त्यासाठी वेगळं अपडेट निघालं आणि २००८ च्या सर्व्हिस पॅक ३ मध्ये ते आत घातलं गेलं. ज्या घरात अपडेट कधी झालंच नाही, तिथे राऊटरवर नवं कुलूप लावलं की लॅपटॉप बाहेर राहायचा. मग जोडून द्यायला आलेला माणूस काय करणार? तो वेप लावून द्यायचा. लॅपटॉप जोडला जायचा, पासवर्ड आहे म्हणून सगळे खूश, आणि कुलूप एका मिनिटात उघडणारं.

सुरक्षिततेच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं. घरातलं सगळ्यात जुनं यंत्र पूर्ण घराच्या कुलपाची ताकद ठरवतं. ते यंत्र बदलायला पैसे लागतात, आणि नोटिशीसोबत पैसे येत नाहीत.

बी फॉर बॉम्बे

या सगळ्यात एक पात्र इतिहासात कुठेच नोंदलं गेलेलं नाही: फोनवरून वायफाय जोडून देणारा माणूस. उपनगरातल्या प्रत्येक कुटुंबात तो एक असतो. इंजिनिअरिंगला गेलेला भाचा, बीएससी आयटी झालेली पुतणी, शेजारचा दादा.

हे काम वरवर वाटतं तितकं सोपं नाही. लांबच्या माणसाचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला साधनं खूप आहेत. एक्सपीमध्येच 'रिमोट असिस्टन्स' होतं, २००५ मध्ये टीमव्ह्यूअर आलं, पुढे एनीडेस्क आलं. पण या सगळ्यांना इंटरनेट लागतं. ज्याचं वायफायच जोडलं जात नाही, त्याच्या लॅपटॉपमध्ये तुम्ही शिरणार कसे? त्यामुळे बाकी सगळी मदत डोळ्यांनी करता आली, तरी वायफायची मदत अनेक वर्षं फक्त कानांनी करावी लागली.

वेपची किल्ली दहा किंवा सव्वीस चिन्हांची असायची, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. ती अंधेरीहून बोरिवलीला फोनवर सांगायची म्हणजे "बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली, नाही नाही, आठ, इंग्रजी एट, ए नाही" असा सगळा जप. डब्ल्यूपीए-२ मध्ये ८ ते ६३ अक्षरांचा साधा शब्द चालू लागला, ही सुरक्षिततेइतकीच माणुसकीची सुधारणा होती.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि हे काम एका झटक्यात बदललं. वायफाय बंद असलं तरी हातातल्या फोनवर स्वस्त ४जी होतं. व्हिडिओ कॉल करून "मावशी, फोन राऊटरच्या मागे धरा, स्टिकर दाखवा" म्हणता येऊ लागलं. फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉपमध्येही शिरता येऊ लागलं.

मार्च २०२० मध्ये या निनावी माणसावर सगळ्या शहराचा भार आला. तोवर भारतात आयटीच्या ठरावीक कामांसाठी घरून काम करायचं तर अनामत रक्कम, ठरावीक प्रकारचं व्हीपीएन अशा अटी होत्या. १३ मार्च २०२० ला दूरसंचार विभागाने त्या शिथिल केल्या. अंधेरीच्या सीप्झमधून, ऐरोलीतून, पवईतून कॉम्प्युटर टेम्पोत भरून लोकांच्या घरी पोचवले गेले. त्यातले कित्येक डेस्कटॉप होते आणि त्यांना वायफायच नव्हतं, कारण ऑफिसात ते वायरवर चालत. यूएसबीला लावायचा बोटाएवढा वायफाय डोंगल मिळणं टाळेबंदीत अवघड झालं होतं.

त्या दिवसांत मी जेवढी माणसं फोनवरून जोडून दिली, त्यांतल्या बहुतेकांचे प्रश्न चारांपैकी एकच असायचे. फोन जोडला जातो, लॅपटॉप नाही: म्हणजे राऊटरची दोन नावं आहेत, एक २.४ आणि एक ५ गिगाहर्ट्झचं, आणि जुन्या लॅपटॉपला दुसरं दिसतच नाही. (नावापुढच्या '5G' चा मोबाइलच्या ५जीशी काहीही संबंध नाही, हे किमान दहा वेळा सांगितलं.) पासवर्ड बरोबर आहे तरी जोडलं जात नाही: म्हणजे लॅपटॉपने जुना पासवर्ड धरून ठेवलाय, तो नेटवर्क 'फर्गेट' करून पुन्हा टाकायचा. जोडलं जातं पण इंटरनेट नाही: म्हणजे वायफायचा दोष नाही, केबलवाल्याला फोन करा. आणि आतल्या खोलीत येत नाही: म्हणजे ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती ओलांडायला कमी पडतात, २.४ वर या. पण मुलुंड-घाटकोपरच्या टॉवरमध्ये २.४ वर तीस शेजाऱ्यांची नेटवर्कं असतात आणि एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. लोकलच्या फलाटावरची गर्दी हवेतही असतेच.

किल्ली सांगणारा आवाज

हवेतलं कुलूप हळूहळू मजबूत होत गेलं. डब्ल्यूपीए-२ मध्ये पासवर्ड हवेतून कधी जातच नाही. राऊटर आणि लॅपटॉप चार निरोपांत एकमेकांना पटवतात, की दोघांनाही तो ठाऊक आहे. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या मॅथी व्हॅनहूफ यांनी या चार निरोपांतही फट दाखवली, ती अपडेटने बुजवावी लागली. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आलं.

पण कुलूप चांगलं झालं तरी किल्लीचं काय? जोडणी करून देणारा माणूस बहुतेक वेळा गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून ठेवतो, कारण तो विसरला जात नाही. डब्ल्यूपीए-२ मधले ते चार निरोप कुणी टिपून ठेवले, तर तो घरी बसून पासवर्ड एकेक करून तपासू शकतो. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारा, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता. गेम खेळायचं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काही लाख पासवर्ड तपासतं. चार लाख धरले तर दहा हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तास. एका सिनेमाएवढा वेळ. चार असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत एकापुढे एक लिहिले, तर फोनवर सांगायलाही सोपं आणि मोडायला कित्येक पटींनी अवघड.

दुसरी भीती त्याहून जवळची आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं, की एनीडेस्कसारखं ॲप लोकांना डाउनलोड करायला लावून, त्यातला नऊ आकडी कोड मागून, खात्यातले पैसे पळवले जातायत. म्हणजे "आता 'अलाऊ' दाबा, मावशी" हे वाक्य आता चोरही म्हणतो. सूर तोच, धीर देणं तेच, सूचनांचा क्रमही तोच. दहा वर्षं आपण आपल्या मोठ्यांना शिकवलं, की कॉम्प्युटरमधलं कळत नसेल तर फोनवरचा आवाज सांगेल तसं करा. चोराला वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

२००८ पासूनचा हा सगळा इतिहास बघितला की एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्रत्येक टप्प्यावर जबाबदारी एक पायरी खाली सरकली आहे. राऊटर बनवणाऱ्याने तो उघडा विकला, नोटीस घरमालकाला आली. कॉम्प्युटर कंपनीचं अपडेट उशिरा आलं, दुबळं कुलूप घरमालकाच्या दाराला लागलं. पासवर्ड जोडणीवाल्याने ठरवला, आयपी पत्ता घरमालकाचा. आणि घरमालक म्हणजे बहुतेक वेळा निवृत्त झालेले काका किंवा डेस्कटॉप मांडीवर घेऊन बसलेली कुणी तरी, ज्यांनी ही जबाबदारी कधी मागितली नव्हती. आता बरेच राऊटर प्रत्येकी वेगळा पासवर्ड स्टिकरवर छापून येतात. हे १९९७ पासून करता आलं असतं. त्याला कुठलंही नवं गणित लागत नाही, फक्त कारखान्यात एक जास्तीचं स्टिकर लागतं.

तोवर घरातला आयटी विभाग आपणच आहोत. पुढच्या वेळी कुणाला फोनवरून वायफाय जोडून द्याल तेव्हा दहा मिनिटं जास्त द्या. राऊटरमध्ये डब्ल्यूपीए-२ किंवा ३ आहे का बघा, मोबाइल नंबर असेल तर बदला, पाहुण्यांसाठी 'गेस्ट' नेटवर्क वेगळं करा. आणि फोन ठेवण्याआधी एवढं नक्की सांगा: "यापुढे कुणीही फोन करून काही दाबायला सांगितलं, तर दाबू नका. मी आहे असं सांगितलं तरी नाही. फोन ठेवा आणि माझ्या नंबरवर तुम्ही मला फोन करा."